परसातलं झाड तोडताना लाकडाचं आधी ठरवा

परसातलं झाड तोडायचं ठरलं की पहिला फोन जातो तो लाकूडवाल्याला. तो येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो, ‘आंबाच तो, त्याचं काय येणार’ म्हणतो आणि उभ्या झाडाची एकरकमी किंमत सांगून मोकळा होतो. घरमालकालाही कौलांवर आलेली फांदी लवकर गेलेली हवी असते. सौदा होतो, आणि दोन पिढ्यांनी फळं खाल्लेलं झाड टेम्पोत मावेल अशा तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत निघून जातं. त्या तुकड्यांतून ना दाराची चौकट निघते, ना बाकाची फळी. तेव्हा या थंडीत ज्यांना घराजवळचा जुना आंबा, फणस, चिंच किंवा जांभूळ काढायचा आहे, त्यांनी लाकूडवाल्याच्या आधी गावातल्या सुताराला बोलवावं. कुठल्या खोडातून काय काढायचं हे झाड उभं असतानाच ठरवायचं असतं.

त्याही आधी झाड खरंच काढायला हवं का, हे एकदा बघा. रायवळ किंवा हापूसचं झाड नुसतं उंच गेलं, आतून दाट झालं आणि फळ कमी झालं, एवढ्यावरून ते तोडायचं कारण नाही. जुन्या आंब्याच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीची शिफारस दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने केलेली आहे, आणि त्या छाटणीतही मांडीएवढ्या जाड फांद्या निघतात. पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

आता कागदपत्रं. आपल्या जागेतलं, आपणच लावलेलं झाड तोडायला परवानगी कशाला, असं पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ यांच्या जोडीला आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ ही झाडंही आहेत. म्हणजे कोकणातल्या परसातली बहुतेक मोठी फळझाडं त्यात आली. शहरी भागात १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि तिथे अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा असतो. पन्नास वर्षांपुढच्या झाडांना तिथे जास्त संरक्षण आहे. ग्रामीण भागात वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा, आणि तोडीबरोबर वाहतुकीच्या परवान्याचंही त्याच वेळी विचारून घ्या. सॉ मिलवाला ओंडका उतरवून घेण्याआधी कागद मागतो. कागद नसला की ओंडका परत अंगणात येतो आणि तिथेच कुजतो.

कापणी कधी, कशी

तोडीला कार्तिक ते पौष हे महिने उत्तम. हवा कोरडी, बुरशीचा आणि किडीचा जोर कमी, आणि फळ्या सुकायला पुढचा पाऊस येईपर्यंत सहा महिने हातात. अमावास्येला तोडलेल्या लाकडाला किडा लागत नाही असं जुनी माणसं सांगतात. तिथी पाळायची असेल तर जरूर पाळावी, पण श्रावणातल्या अमावास्येपेक्षा मार्गशीर्षातली कुठलीही तिथी बरी.

परसातल्या झाडाला एक खोड असते, जी रानातल्या झाडाला नसते: खिळे. कपड्यांच्या दोरीचा खिळा, झोपाळ्याची साखळी, कुंपणाची तार, हे सगळं वीस-पंचवीस वर्षांत खोडाने गिळलेलं असतं. बाहेरून काही दिसत नाही. सॉ मिलच्या पट्ट्याला असा एक खिळा लागला की पट्टा जातो, म्हणून कित्येक सॉ मिलवाले घराजवळचं झाड म्हटलं की नाक मुरडतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, दोरी कुठे बांधायचात, झोपाळा कुठल्या फांदीला होता. कापलेल्या टोकावर एखादा काळा-निळा पट्टा दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. तेवढा भाग हाताने फोडून वेगळा काढा आणि सॉ मिलवाल्याला आधीच सांगा.

लांबीचा हिशेब वस्तूवरून करायचा. दाराच्या चौकटीला सात फूट लागतात, बाकाला चार-साडेचार, पाटाला दोन फुटांचा तुकडा पुरतो. प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही टोकांना चार ते सहा इंच जास्त ठेवा, कारण सुकताना टोकं तडकणारच. दोन फांद्या जिथे फुटतात तो बेचका लाकूडवाला सरपणात टाकतो. त्याच जागी रेषा वळलेल्या असतात आणि टेबलाची सर्वांत देखणी फळी तिथूनच निघते. पोर्टेबल कटरने फळ्या पाडून देतो असं कुणी म्हणालं तर विचार करा. त्याची साखळी दर कापाला पाव इंचाहून जास्त लाकडाचा भुसा करते. सॉ मिलचा पट्टा त्याहून कितीतरी कमी खातो.

लाकूड विकायचंच असेल तर मोजून विका. बाजारात घनफूट काढायची रीत अशी: ओंडक्याच्या मध्यावर दोरीने घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. घेर ६० इंच आणि लांबी ८ फूट असेल तर १५ गुणिले १५ म्हणजे २२५, गुणिले ८ म्हणजे १८००, भागिले १४४ म्हणजे साडेबारा घनफूट. खऱ्या गोल ओंडक्यात लाकूड जवळजवळ सोळा घनफूट असतं. ही तूट साल आणि कडेचे तुकडे धरून रिवाजाने चालत आलेली आहे. मात्र व्यापारी त्यातूनही ‘सालीचे’ म्हणून वेगळे कापायला लागला तर तो एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कापतो आहे, एवढं लक्षात असू द्या.

फणस हातचा जाऊ देऊ नका

परसातल्या झाडांत लाकडाच्या दृष्टीने फणसाला तोड नाही. ताजा कापला की आतला भाग हळदीसारखा पिवळा दिसतो, आणि वर्षा-दोन वर्षांत उजेडाने तो सोनेरी तपकिरी होत जातो. या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, तो फारसा वाकत-पिळवटत नाही आणि रंध्याला नीट लागतो. कोकणातल्या जुन्या घरांत दारं, देव्हारे, पाट फणसाचे दिसतात ते यामुळेच. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते आणि मृदंगाचं खोडही फणसाचं करतात. तुमच्या गावात भजनी मंडळ असेल आणि जवळपास पखवाज करणारा कुणी असेल, तर दोन-अडीच फुटांचा सरळ, गाठ नसलेला ओंडका त्याला आधी दाखवा. सरपणाच्या भावापेक्षा तो नक्कीच जास्त देईल.

एक पथ्य मात्र आहे. सालीखालचा पांढुरका थर कच्चा असतो, त्याला किडा लागतो. सुताराला सांगून तो काढून टाका. कोवळ्या झाडात हा थरच जास्त असतो, म्हणून पंधरा वर्षांच्या फणसाकडून चौकटीची अपेक्षा करू नये. त्याचे पोळपाट आणि विळीचे पाट करावेत. फणसाचा पिवळा भुसाही फेकू नका. पाण्यात उकळून तुरटी घातली की सुती कापडाला पक्का पिवळा रंग येतो. आग्नेय आशियातले बौद्ध भिक्षू आपली चीवरं परंपरेने याच लाकडाच्या रंगात रंगवतात.

आंबा: घाई हवी

आंब्याला वाईट नाव पडलं ते लाकडामुळे नव्हे, आपल्या आळसामुळे. तोडलेला ओंडका अंगणात महिनाभर पडला की त्यात निळे-काळे डाग उतरतात, बारीक भोकं पडतात, त्यांतून पांढरी भुकटी गळायला लागते. मग आपण म्हणतो, आंबा टिकत नाही. जोधपूरहून परदेशात जाणारं फर्निचर पुष्कळसं आंब्याचंच असतं. फक्त ते लगेच चिरलेलं, औषध दिलेलं आणि नीट सुकवलेलं असतं.

घरीही हे जमतं. तोडीनंतर पंधरा दिवसांच्या आत फळ्या चिरून घ्या. १०० लिटर कोमट पाण्यात २ किलो बोरिक ऍसिड आणि ३ किलो बोरॅक्स विरघळवा. जमिनीत चर खणून त्यात जाड प्लॅस्टिक अंथरलं की हौद तयार. ओल्या फळ्या त्यात दोन-तीन दिवस पूर्ण बुडवून ठेवा, मग बाहेर काढून दोन आठवडे प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा, म्हणजे औषध आतपर्यंत उतरतं. त्यानंतर सुकवायला लावा. हातमोजे घाला, गुरं-कुत्री त्या पाण्याजवळ जाऊ देऊ नका आणि उरलेलं पाणी झाडांच्या बुंध्यात ओतू नका, कारण जास्तीचं बोरॉन झाडाला मारक ठरतं. हे औषध पावसाने धुऊन जातं, म्हणून असं लाकूड घराच्या आतच वापरावं: माळ्याच्या फळ्या, कपाट, पलंग. पोळपाट, काथवट अशा खाण्याच्या वस्तूंना औषध नको. त्यांना सुकल्यावर जवसाचं तेल चोळा. खोबरेल सुकत नाही आणि काही दिवसांनी खवट वास येतो. बाहेरच्या बाकाला किंवा कुंपणाच्या खांबाला काजूच्या टरफलाचं तेल चांगलं, होड्यांनाही ते लावतात. मात्र ते अंगावर उडालं तर भाजतं.

चिंचेचं आतलं लाकूड गडद जांभळट आणि दगडासारखं. सुतार कुरकुर करतो, हत्यारं बोथट होतात. पण उखळ, मुसळ, मोगरी, मटणवाल्याचा ठोकळा आणि लाकडी घाणा यांना चिंचच हवी. लाकडी घाण्याच्या तेलाला आता पुन्हा गिऱ्हाईक आलं आहे, तेव्हा जाड बुंधा असेल तर जवळच्या घाणेवाल्याकडे चौकशी करूनच तोडा.

जांभूळ पाण्यात टिकतं, हे खरं. विहिरीच्या बांधकामाखाली बसवायचं लाकडी कडं पूर्वी जांभळाचं करत. पण घरच्या टाकीत जांभळाचा तुकडा टाकला की टाकी धुवावीच लागत नाही, हा जो मजकूर मोबाइलवर फिरतो त्याच्या नादी लागू नका. टाकी धुवा. जांभळाचं लाकूड विहिरीच्या रहाटाला, ओट्यावरच्या पाणवठ्याच्या घडवंचीला वापरा.

पेरूच्या फांद्यांचे कोयत्याला आणि कुदळीला चिवट दांडे होतात, आणि गलोलीची बेचकी कशाची करावी हे मुलांना सांगावं लागत नाही. चिकूचं लाकूड जड आणि बारीक रेषांचं असतं. कातारी ते खुशीने घेतो.

सुकवण

चिरलेल्या फळ्या उन्हात टाकू नका, तडकतील. पडवीत किंवा गोठ्याच्या वळचणीला, जमिनीपासून फूटभर उंच विटांवर थप्पी लावा. दर दोन फळ्यांच्या थरांत इंचभर जाडीच्या पट्ट्या आडव्या ठेवा, दोन-दोन फुटांवर, आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक अशा सरळ रेषेत. रेष चुकली की फळी तिथे वाकते. थप्पीवर जांभे दगड ठेवा. टोकांना जुना तेलरंग नाहीतर मेण लावा. काहीच नसेल तर शेण-मातीचा जाड लेप. इंची फळी नोव्हेंबरात लावली तर मेपर्यंत कामाला येते, दोन इंचीला दुसरी थंडी लागते. सुकलं की नाही हे बघायचं तर एक फळी खूण करून दर पंधरा दिवसांनी वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की सुतार बोलवा.

वादळात पडलेल्या झाडाला मुहूर्त नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळलं ते ऐन पावसाच्या तोंडावर, आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते. अशा वेळी फणस, चिंच विटांवर चढवून वर पत्रा टाकला तरी पाऊस काढतात. आंबा नाही काढत. तो चिरता येत नसेल तर तळ्याच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावा, ही जुनी रीत आहे आणि ती बरोबर आहे. पाण्याखाली किडा पोचत नाही आणि किडीला आवडणारी पिठूळ द्रव्यं धुऊन जातात. अर्धवट बुडालेला ओंडका मात्र पाण्याच्या रेषेवर हमखास कुजतो.

उरलंसुरलं: फणसाचा पाला शेळ्यांना घाला. बारीक काटक्या राबाला जाळण्यापेक्षा तुकडे करून कलमांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरा. भुसा कच्चा असताना मातीत मिसळू नका, तो कुजताना पिकाचं नत्र ओढून घेतो. शेणाबरोबर खड्ड्यात वर्षभर कुजवून मगच वापरा. चुलीतली राख कोकणच्या आंबट जांभ्या मातीला चालते, त्यात पालाश आणि चुना असतो.

शेवटची सूचना आंबा बागायतदारांसाठी. तोडलेल्या झाडाला खोडकिडा, म्हणजे भिरूड, असेल तर बुंध्यावरच्या भोकांतून भुसा आणि विष्ठा पडलेली दिसते. झाड मेलं तरी आतली अळी मरत नाही. ती ओंडक्यात वाढत राहते आणि पावसाच्या सुमाराला भुंगेरा होऊन शेजारच्या कलमांवर अंडी घालायला जाते. असे ओंडके चिरून, फोडून, अळ्या वेचून मारा आणि लाकूड सरपणाला लावून संपवा. मे अखेरीला अंगणात आंब्याचा एकही अखंड ओंडका उरता कामा नये.