ग्रामीण बँक : भांडवल कोणासाठी?

शेत लहान की मोठे यापेक्षा त्याला भांडवलाची जोड किती, हे महत्त्वाचे; असे बाबासाहेबांनी १९१८ मधील लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले. १९७६ च्या प्रादेशिक ग्रामीण बँक कायद्याने लहान शेतकरी, शेतमजूर, कारागीर व लघुउद्योजक यांना कर्ज पुरविण्याचे उद्दिष्ट नमूद केले. भांडवलात केंद्राचा वाटा ५०, राज्याचा १५ आणि पुरस्कर्त्या बँकेचा ३५ टक्के ठरला. याच कायद्याखालील, नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये एकत्रीकरणातून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. नाव बदलले, उद्दिष्ट कायम राहिले. म्हणून नांदेड-लातूरकडील आपला भूमिहीन बांधव कर्जासाठी शाखेत जातो, तेव्हा तो उपकार मागत नसतो. शिकलेल्या मुलामुलींनी त्याला नियम समजावून सांगावेत व अर्ज भरून द्यावा, अशी आमची अपेक्षा आहे.