उंदराचे बीळ, सरड्याचे घर



मी इयत्ता चौथीत शिकतो. आमचे शेत विष्णुपुरीच्या माळाला लागून आहे. खाली गोदावरी आहे, धरणाचे पाणी आहे, तिकडची माती काळी. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला मात्र मुरूम लागतो. त्या अंगाच्या धुऱ्यावर नांगर जात नाही. तिथे कुसळी गवत आहे, तरवड आहे, दोन बोराट्या आहेत आणि बिळेच बिळे आहेत. मी एकदा मोजली तर तेवीस भरली.

गेल्या वर्षी पेरणीच्या आधी बाबांनी त्या बिळांत धूर सोडला. एका बिळाच्या तोंडाशी भुसा पेटवला आणि वरून मिरच्या टाकल्या. आम्हा सगळ्यांना खोकला आला. उंदीर म्हणाल तर पलीकडच्या तोंडातून दोन पळाले, तेवढेच दिसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला तीन सापसुरळ्या मेलेल्या सापडल्या. दोन बिळाच्या तोंडाशी होत्या आणि एक अर्धी आत, अर्धी बाहेर. मला वाटले, बीळ उंदराचे, मग सापसुरळी त्याच्या घरात कशाला गेली?

ही गोष्ट मी शाळेत गुरुजींना विचारली. गुरुजी म्हणाले, "मला विचारू नकोस, बिळालाच विचार. पण हात घालायचा नाही." बिळात इचू असतो, साप असतो. म्हणून मुलांनो, तुम्ही पण कधी हात घालू नका, काडीसुद्धा घालू नका. मी दहा पावले लांब, बोराटीच्या सावलीत बसत होतो. हे सगळे मी या उन्हाळ्यात केले. तेव्हा मी तिसरीत होतो आणि शाळा सकाळची होती.

आधी मी चुलीतली राख चाळणीने चाळली आणि संध्याकाळी बिळांच्या तोंडाशी पातळ पसरली. सकाळी जाऊन पाहिले तर राखेवर पावले उमटलेली. उंदराची पावले बारीक टिकल्यांसारखी असतात. सापसुरळीचा माग वेगळा असतो. मधे पोट घासल्याची रेघ आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना नखांचे ठिपके. गंमत म्हणजे उंदराची पावले सकाळी दिसायची आणि सापसुरळीचा माग दुपारी. एकाच बिळाला रात्रपाळी आणि दिवसपाळी. काही बिळांपुढे मात्र उंदराचे पाऊल एकदाही उमटले नाही. ती बिळे उंदरांनी सोडून दिलेली होती. सापसुरळ्या जास्त करून त्याच बिळांत जात होत्या.

आता बिळे कोण करतो ते सांगतो. आमच्या धुऱ्यावर दोन तऱ्हेचे उंदीर आहेत. एक अंगाने जाड आणि काळपट. तो बिळाच्या तोंडाशी मातीचा मोठा ढीग करतो आणि आत धान्याचा साठा करतो. आमची आजी सांगते, बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी अशी बिळे उकरून आतली ज्वारी काढली आणि धुऊन, दळून खाल्ली. दुसरा उंदीर दिसायला चांगला आहे. अंगाने पिवळसर, पोट पांढरे, डोळे मोठे आणि शेपूट अंगापेक्षा लांब. शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा गोंडा असतो. त्याच्या एका घराला पुष्कळ तोंडे असतात. म्हणूनच बाबांच्या धुराने तो सापडला नाही.

सरडा आणि सापसुरळी ही थंड रक्ताची जनावरे आहेत. म्हणजे त्यांचे रक्त गार असते असे नाही. भोवती जशी ऊब तसे त्यांचे अंग होते. आपल्याला घाम येतो, त्यांना येत नाही. मग ऊन फार झाले की सावलीला पळायचे आणि थंडी झाली की उन्हात बसायचे, एवढेच त्यांच्या हाती असते. एप्रिलमध्ये गुरुजींनी विज्ञान पेटीतला थर्मामीटर आणला. दुपारी एक वाजता तो धुऱ्यावर उघड्या मुरमावर ठेवला तर पारा ५२ वर गेला. मग गुरुजींनी तो ज्वारीच्या धाटाला सुतळीने बांधला आणि जुन्या बिळात हातभर आत सोडला. बाहेर काढला तेव्हा ३४ होता. त्या मुरमावर मी अनवाणी दहापर्यंत अंक मोजेस्तोवर उभा राहू शकलो नाही. सापसुरळीचे तर पोटच जमिनीला लागलेले असते.

सापसुरळीला मुरूम उकरता येत नाही. पाय किती बारके आहेत बघा. उंदराला दात आहेत, नखे आहेत, तो उकरतो. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे लपायला जागा होते. मुरमाला तशा भेगा पडत नाहीत. म्हणून आमच्या वरच्या धुऱ्यावर बीळ नसले तर सापसुरळीला दुपारी जायला जागाच नाही.

बिळापाशी खायला पण मिळते. उंदीर दाणे आणतो, टरफले टाकतो, लेंड्या टाकतो. त्याला मुंग्या लागतात, किडे येतात, आत रातकिडे राहतात. सापसुरळीचे जेवण दारातच. शिवाय उंदीर तोंडाजवळचे गवत कुरतडून हातभर जागा मोकळी करतो. तिथे बसले की किडा लांबून दिसतो आणि वरून कापशी घार आली तर ती पण दिसते. तोंड जवळच असते, एका उडीत आत.

पण आत सगळे सुखच आहे असे नाही. मे महिन्यात एक धामण त्याच धुऱ्यावरच्या बिळात शिरताना मी पाहिली. ती उंदीर खाते आणि सरडा मिळाला तर तो पण सोडत नाही. त्या बिळापुढे चार दिवस मला सापसुरळीचा माग दिसला नाही. कुठे गेली असेल ते सांगायला नको.

सगळ्याच सरड्यांना बीळ लागते असेही नाही. आपण ज्याला नुसता सरडा म्हणतो, मान हलवणारा, तो झाडावर आणि झुडपावर असतो. रात्री पण फांदीवरच झोपतो. त्याला बिळाचे काही पडलेले नाही, असे मला तेव्हा वाटत होते. ते खरे नव्हते, पण ती गोष्ट पुढे आहे. माळावर दुसरा एक लहान सरडा असतो. त्यातल्या नराच्या गळ्याला पंख्यासारखी कातडी असते. उन्हाळ्यात तो दगडावर चढतो आणि पंखा उघडझाप करतो. आमच्या धुऱ्यावर मोठा दगड नाही, म्हणून तो उंदराने काढलेल्या मातीच्या ढिगावर चढला होता. मी उठलो की तो जवळच्या बिळात पळायचा. घोरपड मी एकदाच पाहिली. ती एका बिळाचे तोंड नखांनी मोठे करत होती. उंदराने खोली बांधली आणि घोरपडीने वाडा केला. घोरपड मारणे हा १९७२ च्या कायद्याप्रमाणे मोठा गुन्हा आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

आमच्या शेजारचा धुरा मागच्या साली यंत्राने साफ केला आहे. त्याच्यावर एक पण बीळ नाही. तिथे मी आठ दिवस गेलो. बाभळीवर झाडावरचे सरडे दिसले, सापसुरळी एकदा पण दिसली नाही. मी पळत येऊन गुरुजींना सांगितले, सिद्ध झाले! गुरुजी म्हणाले, थांब. त्या धुऱ्यावर गवत आहे का? नव्हते. मग सापसुरळी बिळावाचून गेली की गवतावाचून? याचे उत्तर मला देता आले नाही. मग मी आमच्याच धुऱ्याचे दोन भाग धरले. एका टोकाला गवत आणि बिळे, दुसऱ्या टोकाला नुसते गवत. नुसत्या गवताच्या टोकाला सापसुरळी दिसली, पण सकाळी. ऊन चढल्यावर एक पण नाही. बिळांच्या टोकाला चार चार दिसायच्या.

गुरुजींनी सांगितले की असेच काम मोठ्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत केले आहे. तिथे न्यू मेक्सिको नावाचे राज्य आहे. त्यात वाळवंटासारखे कोरडे गवताळ रान आहे. तिथला एक उंदीर मागच्या दोन पायांवर कांगारूसारख्या उड्या मारतो, त्याला कांगारू उंदीरच म्हणतात. दुसरा प्राणी प्रेअरी डॉग. नावात कुत्रा आहे, पण आहे खारीच्या जातीचा. दोघेही जमीन उकरून ढीग आणि बिळे करतात. शास्त्रज्ञांनी ढिगांवरचे सरडे आणि बाजूच्या गवतातले सरडे मोजले. ढिगांवर जास्त निघाले. हे २००८ साली छापून आले. गुरुजींनी मोबाईलवर कांगारू उंदराचा फोटो दाखवला. त्याच्या पण शेपटीला गोंडा आहे! मला एकदम आमच्या धुऱ्यावरचा उंदीर आठवला.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीचे पठार आहे. तिथल्या पंखावाल्या सरड्याच्या गळ्यावर निळा, काळा आणि नारिंगी रंग असतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांचा वेगळा गट केला आणि त्याला जगभर चालणारे शास्त्रीय नाव दिले 'सरडा'. आपला मराठी शब्द! आता परदेशातला शास्त्रज्ञ पण त्याला सरडाच म्हणणार.

आता जूनची गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी मी धुऱ्यावर गेलो तर झाडावरची सरडी, मादी, खाली उतरलेली. ती उंदराच्या मातीच्या ढिगात पुढच्या पायांनी खड्डा करत होती. पोट फुगलेले होते. कडक मुरमात तिला खड्डा झाला नसता, उंदराने काढलेली माती भुसभुशीत होती. तिने पांढरी अंडी घातली, माती ओढली आणि डोक्याने दाबून दाबून बसवली. मी हललो नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही. झाडावरच्या सरड्याला बिळाचे काही पडलेले नाही, हे माझे म्हणणे तिने खोटे केले.

तेवढ्यात बाबा खांद्यावर फावडे घेऊन आले. म्हणाले, "काय करूलालास रे इथं? बाजूला हो, ढीग सारखे करायचेत, बिळं बुजवायचीत." मी म्हणालो, "बाबा, इथं अंडी हायती." बाबा म्हणाले, "आन् उंदरानं बी उकरून खाल्लं तर पुन्हा पेरायला पैसे सरडा देणार का?" मला रडू आले. बाबांचे पण खोटे नव्हते. सोयाबीनचे बी किती महाग आहे ते मला माहीत आहे. पोते आणताना मी बाबांच्या सोबत होतो.

मग मी राखेची वही आणली. कोणत्या बिळात उंदीर आहे आणि कोणत्या नाही ते त्यात लिहिलेले होते. बाबांनी वही चाळली, पण विश्वास ठेवला नाही. ते म्हणाले, जुनी रीत आहे, संध्याकाळी सगळी बिळे बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळे. मी म्हणालो, मातीने बुजवू नका, आतली सापसुरळी कोंडेल. गवताचा सैल बोळा लावू. बाबा हसले, पण त्यांनी बोळेच लावले. सकाळी नऊ बिळांचे बोळे लांब फेकलेले होते. माझ्या वहीत दहा होती. एक चुकले.

बाबांनी त्या नऊ बिळांतच औषधाचा भरडा टाकला आणि तेवढीच नऊ बुजवली. यंदा धूर केला नाही. सापसुरळी किडे खाते, भरडा खात नाही. धूर मात्र जो आत असेल त्या सगळ्यांना लागतो. बाकीची चौदा बिळे तशीच उघडी ठेवली. अंड्यांच्या ढिगाला मी बोराटीची काटी लावली.

वरच्या कोपऱ्यात दोन तास उंदरांनी खाल्लेच. बाबा तिकडून गेले की अजून म्हणतात, "हे बघ तुझ्या सरड्याचं भाडं." आजी म्हणते, "दोन तासानं काय होतंय, बहात्तरला अख्खं रान गेलं होतं."

अंडी फुटताना मला दिसली नाहीत, शाळा चालू होती. दीड महिन्याने एका रविवारी ढिगाला बोटाएवढे भोक दिसले. आत कागदासारखी मऊ, फाटलेली टरफले होती. काटीवर माझ्या करंगळीपेक्षा लहान सरडा बसला होता. मला बघून त्याने मान हलवली. मग बोराटीत गेला. त्याच ढिगाच्या पाठीमागे एक नवीन बीळ पडले आहे. बाबांना अजून सांगितले नाही. आज ते इथे वाचतील.