घरी बांधलेल्या गाडीतील नव्या वायरिंगची परीक्षा

शेतकामापुरती गाडी स्वतःच्या हिकमतीने बांधण्याची हौस पुष्कळांस असते. सांगाडा, इंजिन व ब्रेक यांकडे जितके लक्ष पुरविले जाते, तितके तारांकडे पुरविले जात नाही. सबब नव्या वायरिंगची परीक्षा कशी करावी, एवढाच विषय येथे घेतला आहे.

आमच्या पुतण्याने जुन्या जीपच्या सांगाड्यावर अशी गाडी बांधली. तारा जोडून होताच आम्ही उत्साहाच्या भरात बॅटरी थेट जोडली. क्षणार्धात बैठकीखालून धूर निघाला. पत्र्याच्या भोकातून नेलेली एक तार कडेस घासून उघडी पडली होती व तिच्या वाटेवर फ्यूज नव्हता. पाना सापडून बॅटरी सुटेपर्यंत निम्म्या तारा जळाल्या. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर होती. चूक सर्वस्वी आमची. ती वाचकांनी पुन्हा करू नये, हाच या लेखाचा हेतू.

12 व्होल्टचा धक्का सहसा जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. परंतु 55 वॅटच्या पुढील दिव्यास सुमारे 4.6 अँपिअर प्रवाह पुरतो. तीच बॅटरी शॉर्ट झाली असता शेकडो अँपिअर देते व बारीक तार लाल होते. म्हणून पहिल्या परीक्षेत बॅटरीची पूर्ण शक्ती गाडीस देऊच नये.

प्रथम गाडी उघड्या जागी आणावी. पेट्रोलची गळती नाही याची खात्री करावी. हातातील अंगठी व घड्याळ काढावे. कोरड्या पावडरीचे अग्निशामक व योग्य मापाचा पाना हाताशी ठेवावा. बॅटरी सोडताना ऋण टोक आधी सोडावे व जोडताना शेवटी जोडावे. म्हणजे धन टोकावरील पाना सांगाड्यास लागला तरी ठिणगी पडत नाही.

नंतर सर्व फ्यूज काढून व बटणे बंद करून, ऋण टोक व सांगाडा यांमध्ये 55 वॅटचा एक दिवा होल्डरसह जोडावा. शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर, सांगाड्यावर करावी. कारण चार्ज झालेल्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. हा दिवा फार तापतो, त्यास हात लावू नये. तो पूर्ण तेजाने पेटला, तर फ्यूजच्या अलीकडेच शॉर्ट आहे असे समजावे. तो विझलेला राहिल्यास एकेक फ्यूज बसवून एकेक बटण दाबावे. 5 वॅटचा छोटा दिवा लावला असता तो पेटेल व परीक्षेचा दिवा विझलेलाच दिसेल. पुढील दिवा एका वेळी एकच लावावा. तेव्हा दोन्ही दिवे सारखेच मंद जळतील. परीक्षेचा दिवा एकदम लखलखला, तर त्याच शाखेत दोष शोधावा. या अवस्थेत स्टार्टर, हॉर्न वा कोणतीही मोटार चालवून पाहू नये.

सर्व शाखा निर्दोष ठरल्यावर दिवा काढून ऋण टोक नेहमीप्रमाणे जोडावे. दिवे पंधरा मिनिटे जळत ठेवून मीटरने बॅटरीवरील व दिव्यावरील व्होल्ट पहावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास सांधा सैल वा तार बारीक आहे.

फ्यूज हा दिव्याचा नव्हे, तारेचा राखणदार होय. तो बॅटरीच्या जवळ असावा, व तारेस सोसेल त्याहून मोठा नसावा. तो उडाल्यास त्या जागी तारेचा तुकडा गुंडाळणे म्हणजे राखणदारास घालवून देणे होय. पत्र्यातील प्रत्येक भोकास रबरी कडी बसवावी.

अशी गाडी कायदेशीर नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर आणू नये, हेही ध्यानात असावे.

शेवटी, कोणत्या रंगाची तार कोठून कोठे गेली व तिचा फ्यूज किती, याची वहीत नोंद ठेवावी. न नोंदलेल्या फेरफारापायी होणारे तंटे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले. न नोंदलेली तार त्याहून वाईट. ती तारीख देत नाही, एकदम निकालच लावते.