फुकट वस्तूचा हिशेब

मुलांनो, संगणकाच्या यंत्राकडून काम करवून घेणाऱ्या व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. २०१५ साली आलेल्या 'विंडोज १०' या व्यवस्थेची ठरलेली मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. यंत्रे बंद पडली नाहीत. परंतु चोरवाटा बुजविणाऱ्या नित्याच्या दुरुस्त्या थांबल्या.

डोंबिवली स्थानकाजवळ अर्ज व लग्नपत्रिका टंकलिखित करून देणारे एखादे दुकान डोळ्यांपुढे आणा. दुकानदाराने आता काय करावे? 'विंडोज ११' पात्र यंत्रास विनामूल्य मिळते. मात्र तिला 'टीपीएम २.०' ही सुरक्षाव्यवस्था आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. म्हणजे फुकट वस्तूसाठी यंत्रच नवे घ्यावयाचे! ठाणे-कल्याणच्या बाजारात ते काही फुकट मिळत नाही.

'उबुंटू' ही लिनक्स कुळातील व्यवस्था पुष्कळशा जुन्या यंत्रांवरही चालते आणि तिला मोल पडत नाही. पण दुकानातील जुन्या पत्रिका विंडोजवरील 'श्रीलिपी'च्या युनिकोडपूर्व टंकांत असतील, तर तो टंक नसलेल्या यंत्रावर मराठीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे तपासावी लागतात. रोज २ तास धरले तरी महिन्याचे ६० तास झाले. तेवढ्या वेळात जे अर्ज झाले असते, त्यांची मजुरी हीच लिनक्सची किंमत होय. विक्रेते ती सांगत नाहीत.

दुकानात दोन यंत्रे असतील, तर एक इंटरनेटपासून तोडून जुन्या पत्रिकांसाठी ठेवावे आणि नवे काम दुसऱ्यावर, उबुंटूवर, युनिकोडमध्ये करावे, असे मला वाटते.