वेगसूत्र जुळले, म्हणून?

रासायनिक गतिशास्त्र शिकवताना मी बरीच वर्षे हायड्रोजन व आयोडीन यांच्या विक्रियेपासून सुरुवात करीत असे. दोहोंचा एकेक रेणू परस्परांवर आदळतो आणि हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू होतात. म्हणून वेग दोहोंच्या संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. बोडेनस्टाइन यांच्या १८९० च्या दशकातील मापनांतून हेच सूत्र निघाले होते. फळ्यावर सारे दोन ओळींत मावे.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ब्रोमीनचे समीकरणही असेच आहे. मग त्याचे वेगसूत्र एवढे किचकट का?" मी सांगितले, की तेथे ब्रोमीनच्या रेणूचे आधी अणू होतात व त्यांतून साखळी चालते, म्हणून सूत्रात वर्गमूळ येते, आणि तयार झालेला हायड्रोजन ब्रोमाइडच वेग मंदावतो. ती म्हणाली, "मग आयोडीनचे अणू होत नाहीत, हे कशावरून?" मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन मांडून पाहिले. आयोडीनचा रेणू फुटून दोन अणू होतात, ते पुन्हा जुळतात, आणि हा समतोल झटपट साधतो असे मानू. म्हणजे अणूंच्या संहतीचा वर्ग आयोडीनच्या संहतीच्या प्रमाणात राहील. पुढचा सावकाश टप्पा दोन अणू व हायड्रोजनचा एक रेणू यांचा. त्याचा वेग हायड्रोजनची संहती गुणिले त्या वर्गाच्या प्रमाणात. वर्गाच्या जागी आयोडीनची संहती घातली, की पुन्हा तेच जुने सूत्र!

शोधता कळले, की १९६७ साली सलिव्हन यांनी कमी तापमानाला प्रकाशाने आयोडीनचे अणू निर्माण करून पाहिले, तेव्हा वेग अणूंच्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात आढळला. त्याच्या अर्थाविषयी पुढे वाद झाले. परंतु एकाच टकरीची कथा सिद्ध म्हणून शिकवण्याचा हक्क मला उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. आता मी आधी आकडे देतो, विद्यार्थ्यांकडून दोन-तीन यंत्रणा मांडून घेतो आणि मग विचारतो, "यांतली कोणती खोटी ठरवता येईल, आणि कोणत्या प्रयोगाने?" अभ्यासक्रम थोडा मागे पडतो, हे खरे. पण जमाखर्चाची शिल्लक जुळली म्हणून प्रत्येक नोंद खरी ठरत नाही; न जुळली, तर मात्र कुठेतरी चूक नक्की असते. वेगसूत्राचेही तसेच आहे. ते यंत्रणा नाकारू शकते, सिद्ध करू शकत नाही. हा धडा मला त्या विद्यार्थिनीने दिला.