पाच वर्षांचा करार, दोन पिढ्यांची सही

प्रश्न : माझी लेक आणि जावई अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या वॉशिंग्टन काउंटीत राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी बँकेचे कर्ज काढून 42 एकर जमीन आणि त्यावरचे जुने घर घेतले. आता एका कंपनीचा एजंट शेल गॅसच्या लीजचा मसुदा घेऊन आला आहे. एकरी 2,500 डॉलर बोनस, 14 टक्के रॉयल्टी, मुदत पाच वर्षे. म्हणजे एक लाख पाच हजार डॉलर हातात येणार. ‘तुम्ही सही केली नाहीत तरी शेजारच्या जमिनीतून तुमचा गॅस आम्ही ओढूच,’ असेही तो ऐकवून गेला. मुलांनी सही करावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लीज द्यायला हरकत नाही, पण या मसुद्यावर सही नको. बोनसचा आकडा या व्यवहारात सगळ्यात ठळक दिसतो आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा असतो. ही पाच वर्षे म्हणजे घरभाड्याच्या करारातली मुदत नव्हे. पाच वर्षांत कंपनीने विहीर सुरू करायची, एवढाच तिचा अर्थ. एकदा गॅस लागला की तो परवडेल इतका निघत राहील तोवर लीज चालूच राहते, आणि शेलची विहीर काही दशकेही चालू शकते. घासाघीस करायची ती सहीआधी. नंतर मुलांच्या हाती फारसे काही उरत नाही.

पहिला प्रश्न मालकीचा. अमेरिकेत जमिनीचा पृष्ठभाग आणि तिच्या पोटातले तेल-वायू यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मालकाने जमीन विकताना खालचे हक्क स्वतःकडे ठेवले असतील, तर मुलांच्या खरेदीखतात ते आलेलेच नाहीत. म्हणून काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून मागच्या सर्व खरेदीखतांचा सर्च रिपोर्ट करून घ्या. जुन्या खतात नुसती ‘खनिजे’ राखून ठेवली असतील तर घाबरू नका. मुलांची काउंटी ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात तेवढ्या शब्दात तेल-वायू येत नाहीत असे गृहीत धरले जाते. हा 1882 पासूनचा नियम असून तो मार्सेलस या शेल खडकथरातल्या गॅसलाही लागू आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बटलर खटल्यात सांगितले. टेक्सासमध्ये कायदा वेगळा आहे, तेव्हा ह्यूस्टनच्या मित्राचा सल्ला इथे चालणार नाही. आणखी एक : छापील मसुद्यात मालकीची हमी मुलांकडून घेतलेली असते. ते कलम काढायला लावा. मालकी तपासणे कंपनीचे काम आहे.

एजंटची धमकी अर्धीच खरी आहे. शेजाऱ्याच्या विहिरीत तुमच्या हद्दीतला वायू वाहत गेला तर भरपाई मिळत नाही, हा जुना नियम खडकाला भेगा पाडून वायू काढण्याच्या पद्धतीला, म्हणजे फ्रॅकिंगलाही लागू होतो. सस्क्वेहाना काउंटीतल्या 11 एकरांच्या ब्रिग्ज कुटुंबाच्या दाव्यात 2020 मध्ये तसा निकाल लागला. मात्र शेजारून फोडलेल्या भेगा किंवा द्रव हद्द ओलांडून प्रत्यक्ष आत शिरले हे सिद्ध झाले, तर ते अतिक्रमणच, हेही त्याच निकालात आहे. शिवाय शेलमधला वायू दगडात घट्ट कोंडलेला असतो, तो आपोआप लांबवर वाहत नाही. तो काढायचा तर आडवी विहीर जमिनीच्या खालूनच न्यावी लागते आणि त्यासाठी मालकाची संमती लागते. ओहायोत 65 टक्के क्षेत्र गोळा झाले की उरलेल्यांना सरकारी आदेशाने सामील करून घेता येते. पेनसिल्व्हेनियाचा 1961 चा सक्तीचा कायदा मात्र ओनोंडागा या खडकथराच्या खालच्या वायूपुरता आहे, आणि मार्सेलस त्याच्या वर आहे. थोडक्यात, मार्सेलससाठी कंपनीला मुलांची सही हवी आहे. आखलेल्या विहिरीच्या मधोमध ही 42 एकर येत असतील तर ती फारच हवी असणार.

आता टक्केवारी. पेनसिल्व्हेनियाचा 1979 चा कायदा किमान एक-अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के रॉयल्टीची खात्री देतो. पण ती कशावर मोजायची? गॅस गोळा करणे, दाबाखाली आणणे, वाहून नेणे यांचा खर्च आधी वजा करून मग रॉयल्टी काढायला 2010 च्या किल्मर निकालाने मोकळीक दिली आहे. समजा हजार घनफूट गॅसला तीन डॉलर मिळाले आणि एक डॉलर खर्च दाखवला, तर 14 टक्के म्हणजे 28 सेंट. कोणतीही वजावट नसलेले साडेबारा टक्के म्हणजे साडेसदतीस सेंट. तेव्हा टक्का वाढवून मागण्याआधी ‘विक्रीच्या पूर्ण किमतीवर, कोणतीही वजावट न करता’ हे शब्द मागा. कंपनीने गॅस आपल्याच भावंड-कंपनीला विकला तर हिशेब बाजारभावाने व्हावा, आणि हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क असावा, हेही त्यात लिहून घ्या.

मुदतीच्या कलमात खरी मेख असते. कंपनी अनेकांच्या जमिनी एकत्र करून एक ‘युनिट’ बनवते. तुमच्या 42 पैकी पाच एकर जरी त्यात आले, तरी युनिटमधल्या एका चालू विहिरीवर सर्व 42 एकरांची लीज अडकून राहू शकते. यावर उतारा म्हणजे ‘प्यू क्लॉज’ : युनिटबाहेरची जमीन पाच वर्षांनी मोकळी. तसेच खोलीचेही ठरवा. विहीर मार्सेलसमध्ये असेल तर त्याखालच्या युटिका शेलचे हक्क मुदत संपताच परत मिळावेत. विहीर बंद ठेवून नाममात्र रक्कम देत लीज जिवंत ठेवण्याची सोय कंपनीला असते. तिला एकूण दोन-तीन वर्षांची मर्यादा घाला. मुदत आणखी पाच वर्षे वाढवण्याचा एकतर्फी पर्याय मसुद्यात कुठेतरी असेलच, तोही काढा.

करार आज ज्या कंपनीशी होईल ती उद्या असेलच असे नाही. मुंबईच्या रिलायन्सने 2010 मध्ये ॲटलस एनर्जीच्या मार्सेलसमधल्या लीजांत 40 टक्के हिस्सा 1.7 अब्ज डॉलरना घेतला. पुढच्याच वर्षी ॲटलस शेव्हरॉनने विकत घेतली. शेव्हरॉनने तिथला कारभार 2020 मध्ये ईक्यूटीला विकला आणि 2021 मध्ये रिलायन्सही आपला हिस्सा विकून बाहेर पडली. ज्या शेतकऱ्यांनी ॲटलसशी करार केला, त्यांचा हिशेब दहा वर्षांत तिसऱ्याच कंपनीकडे गेला. म्हणून लीज दुसऱ्याला दिल्याची लेखी सूचना मिळावी, आणि विहीर बुजवण्याची व जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी मूळ कंपनीवरही राहावी, असे कलम हवे.

उरलेल्या तीन गोष्टी थोडक्यात. एक, गहाणखत वाचा. बँकेच्या संमतीशिवाय लीज देणे हा कर्जकराराचा भंग ठरू शकतो. दोन, बोनस बहुधा लगेच मिळत नाही. कंपनी मालकी तपासण्यासाठी दोन-तीन महिने मागून घेते आणि तोवर लीजची नोंद मात्र करून टाकते. पैसे आल्याशिवाय नोंद नाही, ही अट ठेवा. तीन, घराला बोअरवेलचे पाणी असेल तर खोदाईआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून ते तपासून घ्या. शेलच्या विहिरीपासून 2,500 फुटांच्या आत, काम झाल्यापासून बारा महिन्यांत पाणी बिघडले तर दोष कंपनीचाच, असे तिथला 2012 चा कायदा गृहीत धरतो. पण कंपनीला आधीची तपासणी तुम्ही करू दिली नसेल तर हे संरक्षण जाते. वकील त्याच काउंटीतला, तेल-वायूचे काम करणारा आणि फक्त जमीनमालकांची बाजू घेणारा पाहा. एक लाख डॉलरच्या व्यवहारात त्याची फी वाचवू नका.

प्रश्न : लीज झाल्यावर मुले कायमची भारतात परतली तर? आणि पुढे हे नातवंडांकडे कसे जाईल?
— तेच वाचक

उत्तर : परदेशात राहत असताना घेतलेली स्थावर मालमत्ता परतल्यावरही ठेवायला परकीय चलन कायद्याच्या (फेमा) कलम 6(4) नुसार परवानगी आहे. परतल्यावर सुरुवातीची काही वर्षे ‘सामान्यतः निवासी नसलेले’ हा दर्जा बहुधा मिळतो, तेव्हा परदेशी रॉयल्टीवर इथे कर लागत नाही. पूर्ण निवासी झाल्यावर मात्र ती इथल्या विवरणपत्रात दाखवावी लागेल, अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मागता येईल, आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तिची नोंद करावी लागेल. नोंद चुकली तर काळ्या पैशाविरुद्धच्या 2015 च्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा भुर्दंड पडू शकतो.

अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर तिथे एकूण रॉयल्टीतून 30 टक्के कर कापला जातो. निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय लेखी निवडला तर खर्च आणि 15 टक्के घसारा वजा होतो, म्हणून तो निवडावा. वारशाचे ओझे याहून जड असते. अनिवासी परकीयाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेला फेडरल वारसा करातून फक्त 60,000 डॉलरची सूट आहे आणि भारत-अमेरिका यांच्यात या कराबाबत तह नाही. शिवाय पेनसिल्व्हेनिया मुलांकडे जाणाऱ्या वारशावर साडेचार टक्के घेते. भारतात परतण्याआधीच दोन्हीकडच्या सल्लागारांना एकत्र बसवा.

प्रश्न : आमच्या सातबाराच्या जमिनीखाली गॅस निघाला तर आम्हालाही अशी रॉयल्टी मिळेल का?
— एक वाचक, रायगड

उत्तर : नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे जमिनीखालची खनिजे राज्याची आहेत. तेल-वायूचे परवाने 1948 च्या तेलक्षेत्र कायद्याखाली दिले जातात. 2025 च्या दुरुस्तीने शेल गॅसचाही त्यात स्पष्ट समावेश झाला. जमिनीवरच्या क्षेत्रातली रॉयल्टी राज्य सरकारला जाते. शेतकऱ्याला मिळतो तो फक्त पृष्ठभागाच्या वापराचा मोबदला. रायगडात तुमचा संबंध विहिरीपेक्षा पाइपलाइनशी येण्याची शक्यता जास्त. 1962 च्या कायद्याखाली शेतातून वाहिनी टाकण्याचा हक्क घेतला तर पीक-झाडांच्या नुकसानीशिवाय बाजारभावाच्या दहा टक्के मिळतात. अधिसूचनेवर हरकत घ्यायला 21 दिवस असतात. नोटीस आली की आधी तारीख पाहा आणि शेतातली विहीर, झाडे, ठिबकच्या नळ्या यांचा पंचनामा फोटोंसह करून ठेवा.