माहेरी जाण्याआधी

अगं, रिपोर्ट आल्यापासून तू एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतेयस. बाळाला होईल का? तुझं स्वतःचं काय होणार, हे एकदाही विचारलं नाहीस. आपल्याकडच्या बायका अशाच. तर आधी बाळाचं सांगते, मग तुझ्याकडे वळते, आणि तेव्हा विषय बदलायचा नाही.

काहीही औषध घेतलं नाही, तर एचआयव्ही असलेल्या आयांच्या शंभर बाळांपैकी 15 ते 45 बाळांना लागण होते. थोड्यांना पोटात, पुष्कळांना कळा आणि बाळंतपणाच्या वेळी, उरलेल्यांना अंगावरच्या दुधातून. म्हणजे औषध नसतानासुद्धा निम्म्याहून जास्त बाळं सुटायची, पण हे तुला कुणी सांगणार नाही. आणि आईनं गोळ्या सुरू करून रक्तातला विषाणू दबवला, की हा आकडा पाचाच्या खाली येतो. नीट दबला तर एक-दोनाच्याही आत. तुला पाचवा लागलाय. हल्लीची गोळी विषाणूला काही आठवड्यांतच खाली आणते. वेळ आहे, पण विचार करत बसण्याइतका नाही. गोळी आजपासून.

तुझ्या डोळ्यांसमोर जे येतंय ना, ते जुनं चित्र आहे. नव्वदच्या दशकात आपल्या भागात ट्रकवर जाणारी माणसं गेली, मागोमाग त्यांच्या बायका गेल्या, पोरं आजी-आजोबांच्या पदरात राहिली. जिच्याकडे तू बाळंतपणाला येणार, त्या मावशीनं ते पाहिलंय, म्हणून ती एवढी घाबरेल. तेव्हा आपल्याकडे औषध हाताशीच नव्हतं गं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळायला 1 एप्रिल 2004 उजाडला, तेही मोजक्या मोठ्या इस्पितळांत. गरोदर बाईला तर बरीच वर्षं नेव्हिरॅपिनची एकच गोळी मिळायची, कळा सुरू झाल्यावर, आणि बाळाला जन्मल्यावर एक डोस. बाळ वाचावं म्हणून ते होतं, आईचा हिशेब त्यात नव्हताच. 2014 पासून नियम बदलला. गरोदर बाई आली, तपासणीत निघालं, की सीडी-4, म्हणजे रक्तातल्या प्रतिकाराच्या पेशी, किती हे न बघता पूर्ण उपचार, आणि बाळंतपण झाल्यावर बंद नाही, कायमचा.

आता तुझी गोळी. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं एकाच गोळीत, सगळे तिला टीएलडी म्हणतात. दिवसातून एक. यातल्या डोल्युटेग्राविरबद्दल 2018 साली बोट्सवानातून बातमी आली होती की बाळाच्या मणक्यात व्यंग येतं. इंटरनेटवर तुला ती दिसेलच, म्हणून मीच सांगून ठेवते. पुढे जास्त बाळंतपणांचा हिशेब लागला तशी ती शंका ओसरली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदर बायकांनाही हीच गोळी द्या म्हणून सांगितलं.

पण एक गोष्ट लक्षात ठेव, ही गर्दीत सांगायची राहून जाते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांशी हिचं जमत नाही. रिकाम्या पोटी एकदम घेतल्या तर ती पोटात अडकून पडते, रक्तात नीट उतरत नाही. तेव्हा टीएलडी रात्री जेवून झोपताना, लोह सकाळी, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. एकदम घ्यायचीच वेळ आली तर भरल्या पोटी.

आता जरा अवघड बोलते. संदीपरावांची तपासणी झाली का? तू 'सांगते' म्हणालीस, त्याला आता आठ दिवस होतील. मला माहीत आहे तुला कशाची भीती वाटतेय. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत बाईचं रक्त घेतात, म्हणून घरात सगळ्यात आधी तिचंच निघतं. आणि जिचं आधी निघालं तिनंच आणलं, असा निवाडा सासू स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात देऊन मोकळी होते. इतकी वर्षं समुपदेशनाच्या खोलीत बसतेय, हा निवाडा मी कितीदा ऐकला असेल. रिपोर्टावर तारीख असते ती तपासणीची, लागण कधी झाली ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. एवढं एक वाक्य नवऱ्याला समुपदेशकासमोर ऐकवलं, तर पुढचे पन्नास टोमणे वाचतात. म्हणून घरी एकटीनं सांगायला जाऊ नकोस. दोघं मिळून आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीच्या केंद्रात, या. माझ्या केंद्रावर नको, ओळखीचं नको वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा. तिथली बाई सांगेल आणि त्यांचं रक्त तिथंच घेईल.

त्यांचंही निघालं तर तेही आजपासून गोळ्यांवर. नाही निघालं, तरी संसार मोडायचं कारण नाही. नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला होता, आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही त्यातली जोडपी होती. एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. ज्यांनी लवकर गोळ्या सुरू केल्या, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण व्हायचं प्रमाण 96 टक्क्यांनी घटलं. हे 2011 सालचं. आता तर एवढं पक्कं झालंय की तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो दुसऱ्याला जातच नाही. तोवर निरोध. आणि त्यांना सांग, लाजायचं नाही, केंद्रात फुकट मिळतात.

सासूबाईंना सांगायचंच असं नाही. 2017 चा एचआयव्ही कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. तुझ्या संमतीवाचून तुझा रिपोर्ट डॉक्टर, नर्स, आशाताई, कुणीही सासूबाईंना सांगू शकत नाही. आणि राहत्या घरातून तुला बाहेर काढायचा हक्क कुणाला नाही. कायदा रात्रीच्या भांडणात उपयोगी पडतो असं मी म्हणणार नाही. पण आपल्याला हक्क आहे हे माहीत असलं की बाई वेगळ्या आवाजात बोलते, हे मी पाहिलंय.

मात्र एका माणसाला घरात माहीत असू दे, हे माझं अगदी पक्कं मत आहे. सगळ्यांपासून लपवलेली गोळी चुकते. पाहुणे आले, चुकली. लग्नाला गेलो, चुकली. डबी वाजते म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली, घाईत सापडली नाही, चुकली. आणि चुकत गेली की विषाणू औषधाला सरावतो, मग तेच औषध लागू पडत नाही. डबीवरचं लेबल काढून टाक खुशाल. पण गोळ्या दुसऱ्या बाटलीत ओतू नकोस, आणि आतली ती इवलीशी पुडी फेकू नकोस, ती दमटपणा शोषून घेते. वाजू नये म्हणून वर कापसाचा बोळा ठेव.

आता माहेर. सातव्यात तू मावशीकडे येणार, पहिलं बाळंतपण आमच्याकडेच, हे ठरलेलं आहे. आणि माझ्या अनुभवात इथंच गाडी घसरते. सासरी दोन-तीन महिन्यांत बसलेली घडी माहेरी येऊन विस्कटते. महिन्याच्या गोळ्या आणल्या, त्या संपल्या, केंद्र ऐंशी किलोमीटरवर, आईला तर काहीच माहीत नाही, तिला काय सांगून निघायचं? मग 'बाळ झाल्यावर बघू.' आणि नेमक्या ज्या दिवसांत विषाणू सगळ्यात जास्त दबलेला हवा, त्या दिवसांत तो डोकं वर काढतो.

तर निघण्याच्या आधीच्या खेपेला तुला गोळ्या देणाऱ्या एआरटी केंद्रातल्या ताईंना सांग, बाळंतपणाला माहेरी चाललेय. त्या आपल्या बाजूच्या केंद्रात नाव वळवून देतात किंवा जास्त दिवसांच्या गोळ्या देतात. तुझं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक बरोबर घे, ते विसरलीस तर इथं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागेल. आठव्या महिन्याच्या सुमारास व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची, तपासणी करून घ्यायची, ती चुकवायची नाही. बाळाला औषध किती द्यायचं ते त्या आकड्यावर ठरतं. एसटीला सवलत आहे, पण कंडक्टरला कागद दाखवायचा म्हणजे अख्ख्या गाडीला दाखवल्यासारखं, म्हणून आमच्याकडच्या बऱ्याच बायका तिकीट काढूनच येतात. तुझं तू ठरव.

मावशीला मी सांगू का? तू हो म्हणालीस तरच. माझं मत सांगते, तिला सांगावं. कारण बाळंतिणीच्या खोलीत खरी सत्ता तिची असणार. बाळ जन्मलं की मध चाटवणार ती. बाराव्या दिवसापासून सहाणेवर बदाम, खारीक, वेखंड उगाळून गुटी करणार ती. 'हिचं दूध पुरत नाही' म्हणून संध्याकाळी गाईचं दूध पाणी घालून पाजणार तीच. एरवी मी आजींच्या गुटीशी भांडायला जात नाही, पण इथं भांडणार. बाळाच्या आतड्याचं अस्तर इतकं नाजूक असतं की वरचं काही पडलं की ते दुखावतं, आणि त्यातून दुधातला विषाणू आत शिरायला वाट मिळते. म्हणून सहा महिने फक्त अंगावरचं. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. कुणी घाबरवलं म्हणून अंगावरचं तोडायचंही नाही. तू गोळी घेतेस तोवर ते दूध बाळाच्या हिताचंच आहे. थोडं हे, थोडं ते, असं मिश्रण सगळ्यात वाईट. मावशीला कारण कळलं तर ती स्वतः दारात पहारा देईल, येणाऱ्या-जाणाऱ्या एकीलाही बोट चाटवू देणार नाही. कारण न सांगता नुसतं 'डॉक्टर नको म्हणतात' म्हटलंस तर ती म्हणेल, तुला नाही का आम्ही गुटीवर वाढवलं?

बाळंतपण सरकारी दवाखान्यात. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणानं सिझर करायचं नसतं. अडलं-नडलं तर करतील, जसं कुणाचंही करतात. खाजगीत कुणी 'तुमच्यासारख्यांचं वेगळं किट लागतं' म्हणून जादा पैसे मागितले तर उठून यायचं. हातमोजे, एप्रन, काळजी, हे प्रत्येकच बाळंतपणात घ्यायचं असतं.

बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरॅपिनचं पातळ औषध सुरू होईल, सहा आठवडे, काही बाळांना बारा. त्याच्या सोबतच्या पिचकारीवर खूण करून घे, म्हणजे रात्री मावशीच्या हातूनही चुकणार नाही. सहाव्या आठवड्यात, तेव्हाच्या लसीच्या वेळीच, टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात आणि तो कागद वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. आपली नेहमीची तपासणी इतक्या लहान बाळाला चालत नाही, त्याच्या अंगात तुझीच प्रतिद्रव्यं फिरत असतात, त्यामुळे ती उगाचच पॉझिटिव्ह दाखवते. कुणी हौसेनं खाजगी लॅबमध्ये करून आणली आणि रडत बसली, असं होतं. कागदावरच्या त्या रिपोर्टाचीच वाट बघायची. मग सहाव्या महिन्यात, वर्षाला, आणि शेवटची अठराव्या महिन्यात.

आता तू. बाळंतपणानंतर बायका बाळाचं औषध मिनिटावर देतात आणि स्वतःची गोळी विसरतात. तुला ही गोळी जन्मभर घ्यायची आहे, आणि ती घेतलीस तर जन्म चांगला लांब आहे. खोकला आला, मग तो कितीही दिवसांचा असो, की टीबीची तपासणी. आणि बाळ थोडं मोठं झालं की गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घे. एचआयव्ही असलेल्या बायकांना तिथल्या कॅन्सरचा धोका सहापट असतो. हे कुणी विचारत नाही, आपण होऊन विचारायचं.

राहता राहिली तुझी नणंद. पुण्याला शिकायला गेलीय, आणि तू म्हणालीस तिला काहीतरी सांगायला हवं, पण तुझ्याबद्दल न सांगता. बरोबर. 'नीट राहा' एवढं सांगून मुलींना काही कळत नाही, तेव्हा नावानं सांग. निरोध म्हणजे काय, तो कुणी घालायचा, आणि 'माझ्यावर विश्वास नाही का' असं कुणी म्हणालं तर काय उत्तर द्यायचं. निरोध फाटला किंवा कुणी जबरदस्ती केली, तर 72 तासांच्या आत मोठ्या सरकारी इस्पितळात पोचायचं. तिथं 28 दिवसांच्या गोळ्या देतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि 1097 हा नंबर तिच्या फोनमध्ये टाकून दे. फुकट लागतो, नाव विचारत नाहीत.

परवा वाचलं, दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींना लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा दिलं. दोन हजारांवर मुलींना ते मिळालं आणि त्यांच्यातल्या एकीलाही लागण झाली नाही. 2024 सालची गोष्ट. मी तो आकडा दोनदा वाचला. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आज हाताशी आहे तो निरोधच, पण तुझ्या पोटात मुलगी असेल तर ती कॉलेजात जाईतो पुष्कळ काही बदललेलं असेल.

बरं, गुरुवारी तुमच्याकडे लाइट नसते ना, मग फोन बुधवारी रात्री कर. संदीपरावांना घेऊन शुक्रवारी जाणार की शनिवारी, ते तेवढं सांग. शनिवारी केंद्र लवकर बंद होतं.